कराल दंत : दातांच्या विषम ठेवणीचा विचार आणि वैद्याचे कर्तव्य

दंतरोग म्हटले की आपल्या चिकित्सालयात कृमिदंत, दंतहर्ष, शीताद आणि उपकुश यांचेच रुग्ण प्रामुख्याने दिसतात. दातांची ठेवण बिघडली म्हणून वैद्याकडे मुद्दाम कोणी येत नाही. मुलाला सर्दी-खोकल्यासाठी घेऊन आलेली आई औषधाच्या पुड्या पिशवीत टाकता टाकता विचारते, “डॉक्टर, याचे दात असे पुढे का येताहेत? एखादे मंजन सांगा ना.” या प्रश्नाला आम्ही कित्येक वर्षे एकच ठराविक उत्तर देत असू : “दुधाचे दात आहेत, पडतील. नवे आले की बघू.” हे उत्तर किती अपुरे आहे, हे आम्हांस एका रुग्णेने शिकविले. तो वृत्तांत आमच्या चुकीचा आहे. तरीही विषयप्रवेशासाठी त्याहून उपयुक्त उदाहरण आमच्याजवळ नाही.

रुग्णा, वय साडेसहा वर्षे. खालच्या जबड्यात डाव्या बाजूची दुधाची दुसरी दाढ खोलवर किडलेली, रात्री ठणका, गालावर किंचित शोथ. शोथ उतरल्यावर आम्ही जालंधर बंध पद्धतीने ती दाढ काढली. वेदना थांबली, आईवडिलांचे समाधान झाले आणि “दुधाचीच होती, तिच्या जागी नवी येईल” असे सांगून आम्ही प्रकरण मिटविले. साडेपाच वर्षांनी तीच मुलगी पुन्हा आली. त्या जागी यावयाची उपदाढ ओळीत न येता जिभेच्या बाजूने अर्धवट उगवली होती, तेथे अन्न अडकून हिरडी सुजली होती आणि जिभेला व्रण पडला होता. आम्ही तिला ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दातांची ठेवण सुधारणाऱ्या दंततज्ज्ञाकडे पाठविले. क्ष-किरण चित्र पाहून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “दुधाची दाढ कोणी काढली आणि त्यानंतर जागा कोणी राखली?” दाढ आम्ही काढली होती. जागा राखावयाची असते, हेच आम्हांस ठाऊक नव्हते.

शास्त्रविचार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात जे आठ दंतरोग सांगितले आहेत, त्यांत ठेवणीच्या विकृतीला स्वतंत्र नाव नाही. हनुसंधीशी संबंधित हनुमोक्ष मात्र तेथे आहे. वाग्भटाचार्यांनी दंतरोगांत ‘कराल’ आणि ‘अधिदंत’ यांची गणना केली. माधवनिदानात करालाचे वर्णन अधिक नेमके आहे. दातांच्या आश्रयास असलेला वायू हळूहळू दातांना वेडेवाकडे व विकट करतो, असे सांगून माधवकरांनी हा व्याधी असाध्य ठरविला आहे.

‘असाध्य’ हा शब्द वाचून दोन प्रकारच्या प्रतिक्रिया होतात. काहींना तो शब्द आज कालबाह्य वाटतो. काही जण तो सोयीस्करपणे विसरून एखादे तेल किंवा मंजन देत राहतात. आमच्या मते तो शब्द औषधापुरता आजही तंतोतंत खरा आहे. काष्ठौषधी, भस्म, गंडूष, नस्य यांपैकी कशानेही वाकडा उगवलेला कायमचा दात सरळ होत नाही. जे साध्य झाले आहे ते यंत्राने, आणि तेही गेल्या सव्वाशे वर्षांत.

काश्यपसंहितेतील दंतजन्मिक अध्याय या संदर्भात प्रत्येक वैद्याने पुन्हा वाचावा. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांच्या संग्रहातील हस्तलिखितावरून ही संहिता १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयात छापली गेली. त्यात दंतजन्माचे सामुद्ग, संवृत, विवृत आणि दंतसंपत् असे चार प्रकार आहेत. विवृत प्रकारात ओठ दातांना झाकू शकत नाहीत, लाळ सतत गळते, दात विवर्ण होतात आणि रोगांना लवकर बळी पडतात. पुढे आलेल्या दातांचे याहून नेटके वर्णन क्वचितच सापडेल. दंतसंपत् म्हणजे उत्तम दात. ते पूर्ण, सम, घन, स्वच्छ व निरोगी असावेत, असे सांगताना वरची ओळ किंचित उन्नत असावी असेही तेथे म्हटले आहे. हा ‘किंचित’ महत्त्वाचा. आधुनिक दंतशास्त्र वरचे पटाशीचे दात खालच्या दातांच्या पुढे २ ते ३ मिलिमीटर असणे प्राकृत मानते. वरचे दात मुळीच पुढे नसणे ही विकृती आणि फार पुढे असणे हीही विकृती.

त्याच अध्यायात काही दात एकदाच उगवतात व बाकीचे द्विज, म्हणजे दोनदा जन्मणारे, असा भेद केला आहे. संहितेत एकदाच येणाऱ्या दातांची संख्या आठ दिली आहे. आजच्या गणनेनुसार ज्यांना दुधाचा पूर्वज नाही अशा दाढा बारा आहेत. संख्येतील हा फरक मान्य करावा, ओढूनताणून जुळवू नये. पण भेद मात्र व्यवहारात मोलाचा आहे. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे जी दाढ येते, ती कोणताही दात न पडता येते. म्हणून बहुतेक आया तिला दुधाची दाढ समजतात आणि ती किडली तरी पडण्याची वाट पाहतात. ती कधीच पडून पुन्हा येणार नसते. संपूर्ण दंतपंक्तीची जुळणी याच दाढेवर उभी असते.

जुळणी कशी पाहावी

अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली दातांच्या जुळणीचे जे वर्गीकरण मांडले, ते याच दाढेवर आधारलेले असून आजही जगभर वापरले जाते. वरच्या सहा वर्षांच्या दाढेचा गालाकडील पुढचा उंचवटा खालच्या त्याच दाढेच्या बाहेरच्या खाचेत बसला तर दाढांचा संबंध प्राकृत समजावा. तरीही दात दाटीवाटीने वा वाकडे असतील तर तो पहिला वर्ग. खालची दाढ मागे राहिली असेल तर दुसरा वर्ग; वरचे दात पुढे व हनुवटी मागे असे रुग्ण बहुधा यात येतात. खालची दाढ पुढे गेली असेल तर तिसरा वर्ग. यात खालचा जबडा पुढे आलेला दिसतो.

परीक्षणास चिमटा नको, यंत्रही नको. मुलास ताठ बसवून, स्वच्छ हातांनी दोन्ही गाल बाजूस सारून, बॅटरीच्या उजेडात दाढा मिटलेल्या अवस्थेत पाहावे. येथे एक फसगत होते. “दात मिट” म्हटले की मूल पटाशीचे दात समोरासमोर आणून दाखविते आणि खरी जुळणी लपते. जिभेचे टोक टाळूच्या मागच्या भागाकडे वळवून गिळण्यास सांगावे व त्यानंतर दाढा मिटावयास लावाव्यात; मग जबडा आपल्या मूळ जागी येतो.

पुढील गोष्टी दिसल्यास थांबू नये. वरचा एखादा पटाशीचा दात खालच्या दाताच्या मागे मिटत असेल; एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत पडत असतील व मिटताना हनुवटी एकीकडे सरकत असेल; खालचे दात वरच्या टाळूला टोचत असतील; किंवा दाढा मिटूनही पुढे जिभेचे टोक बाहेर येईल इतकी फट राहत असेल. पहिल्या दोन अवस्थांत वाढते हाड चुकीच्या दिशेने वळते, म्हणून तेथे वर्षभराचा विलंबही नडतो.

उलटपक्षी एका अवस्थेत पालकांना धीर देणे हेच काम असते. सात ते अकरा-बारा या वयात वरचे पुढचे दात पंख्यासारखे पसरलेले व मध्ये फट असलेले दिसतात. आत दडलेले सुळे पटाशीच्या दातांच्या मुळांवर दाब देत असतात, त्याचा हा परिणाम. सुळे खाली उतरले की बहुतेक मुलांत ही फट आपोआप मिटते. या वयात घाईने तार बसविण्याचा आग्रह धरणाऱ्या आईला हे समजावून सांगावे. मात्र फट आहे आणि सुळ्याचा पत्ता तेरा वर्षांपर्यंत नाही, असे असल्यास क्ष-किरण चित्र हवेच.

हेतू

बीजदोष हा मोठा हेतू होय. जबडा आईकडून लहान आणि दात वडिलांकडून मोठे, असा सरळ हिशेब नसला तरी घराण्यातील ठेवण उतरते. खालचा जबडा पुढे येण्याची ठेवण युरोपातील हॅब्सबर्ग राजघराण्यात पिढ्यान्‌पिढ्या उतरली व ती त्यांच्या चित्रांतही दिसते. आहारातील मृदुतेचाही विचार केला जातो. कठीण अन्नाकडून मऊ अन्नाकडे वळलेल्या समाजांत दातांची दाटी वाढल्याचे मानववंशशास्त्रज्ञांनी नोंदविले आहे. भाकरी, पेरू, ऊस चावून खाणारे मूल आम्हांस आवडते. पण ऊस खाऊन दात सरळ झाले असे आम्ही कोणास सांगणार नाही.

अंगठा चोखणे तीन-चार वर्षांपर्यंत सोडून द्यावे. कायमचे पटाशीचे दात येण्याच्या सुमारास ते सुरूच असेल तर वरचे दात पुढे जातात व पुढे फट पडते. येथे जोरापेक्षा काळ अधिक अपाय करतो. रात्रभर तोंडात राहणारा अंगठा दिवसा पाच मिनिटे चोखलेल्या अंगठ्यापेक्षा घातक. अंगठ्यास कोरफडीचा कडू रस लावणे ठीक. मिरची लावू नये, ती शेवटी डोळ्यात जाते.

तोंडाने श्वास घेणे हा हेतू मात्र आपल्या अधिकारातील आहे. जीर्ण प्रतिश्यायाचे मूल ओठ उघडे ठेवून झोपते, जीभ खाली राहते, टाळूला तिचा आधार मिळत नाही, वरचा जबडा अरुंद राहतो आणि चेहरा लांबोळा होतो. प्रतिश्यायाची चिकित्सा, अनुतैलाचे प्रतिमर्श नस्य, दही-केळ्यासारख्या अभिष्यंदी आहाराचा त्याग, यांत वैद्याने हयगय करू नये. पण मूल घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, दिवसा पेंगत असेल, तर नाकामागील ग्रंथी किंवा तुंडिकेरी वाढली आहे काय, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. नस्याचे महिने मोजत बसू नये.

अक्कलदाढेबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. “अक्कलदाढ येताना पुढचे दात ढकलते” असे रुग्ण सांगतात आणि आपणही मान डोलावतो. तारुण्यात खालचे पुढचे दात थोडे दाटतात हे खरे. परंतु ते अक्कलदाढ नसलेल्यांतही दाटतात. केवळ त्या भीतीने दाढ काढू नये. अधिदंताचे तसे नाही. जास्तीचा दात ओळ बिघडवीत असेल तर तो काढावा, हे सुश्रुतांनीच सांगितले आहे. त्यानंतरचा अग्निकर्माचा भाग आज कोणी करीत नाही.

दुधाच्या दाढेची जागा

आता मूळ प्रकरणाकडे. दुधाची दाढ पडण्यापूर्वीच गेली तर तिच्या मागची कायमची दाढ मोकळ्या जागेत कलते व पुढे सरकते. खाली तयार होत असलेल्या उपदाढेला, जी अकराव्या-बाराव्या वर्षी वर यावयाची, जागाच उरत नाही. म्हणजे दुधाचा दात हा येणाऱ्या दातासाठी राखून ठेवलेली जागा होय. आमच्या रुग्णेत ती दाढ वाचविता आली असती. दुधाच्या दातातील मज्जेवरही उपचार करून त्यावर टोपी बसविता येते. ती काढणे अपरिहार्यच असते, तर मागच्या दाढेवर कडे बसवून त्याला जोडलेल्या तारेच्या फासाने जागा राखता आली असती. अतिशय साधी, अल्पखर्चाची ही युक्ती आहे. पुढे त्याच मुलीला जवळजवळ दोन वर्षे तारा बांधून घ्याव्या लागल्या आणि आईवडिलांनी दरमहा गावाहून शहरात खेपा घातल्या.

तेव्हापासून आम्ही आपणच नियम घातला आहे. हलू न लागलेला दुधाचा दात बालदंततज्ज्ञाशी बोलल्याशिवाय काढावयाचा नाही. नोव्हेंबर २०२० च्या राजपत्रातील दुरुस्तीने शालाक्य विषयाच्या पदव्युत्तर वैद्यांसाठी शस्त्रकर्मांची जी यादी दिली, तीत हलणारा दात काढणे व दंतमूळ-चिकित्सा आहे. दातांची ठेवण सुधारणे तीत नाही. ते दंतशास्त्रातील स्वतंत्र पदव्युत्तर विषयाचे काम आहे.

दात सरकतो कसा

रुग्ण विचारतो, “हाडात रुतलेला दात सरकेल कसा?” उत्तर आपल्याच शारीरात आहे. सुश्रुतांनी दातांचा संधी उलूखल प्रकारचा मानला. चरकांनी ३६० अस्थींच्या गणनेत ३२ दात आणि त्यांची ३२ उलूखले वेगळी मोजली. दात म्हणजे मुसळ आणि त्याची खाच म्हणजे उखळ. दोहोंच्या मध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. दातावर सौम्य, सतत दाब दिला की ज्या बाजूस दाब पडतो तेथील हाड विरघळते आणि ज्या बाजूस ताण पडतो तेथे नवे हाड बनते. थोडक्यात, मुसळाबरोबर उखळही सरकते. गती महिन्याला सुमारे एक मिलिमीटर. दाब वाढविल्याने ती वाढत नाही; उलट तंतूंतील रक्तसंचार थांबून दात अडतो आणि मुळाची झीज होण्याचा धोका वाढतो. म्हणून “डॉक्टर, जरा घट्ट आवळा, लवकर होईल” ही रुग्णाची विनंती मान्य होत नसते. वायूने जे शनैः शनैः बिघडविले, ते सुधारतेही शनैः शनैःच.

वाढत्या वयात जबड्यावरही उपचार करता येतात. वरचा अरुंद जबडा टाळूच्या मधल्या सांध्यात रुंद करणारे यंत्र पौगंडावस्था संपण्यापूर्वी उत्तम काम देते. मागे राहिलेल्या खालच्या जबड्यासाठी स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली योजिलेले ‘ट्विन ब्लॉक’ वाढीच्या भरात, म्हणजे बहुधा दहा ते चौदा वर्षांत, वापरले जाते. वाढ संपल्यावर जबड्यांतील मोठे अंतर शस्त्रकर्मानेच भरून निघते. म्हणून सातव्या वर्षी एकदा तज्ज्ञांनी मूल पाहावे, असे अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सांगते. याचा अर्थ सातव्या वर्षी तार बसवावी असा नव्हे.

नुसते दात सरळ करणे प्रौढ वयातही शक्य आहे, हिरड्या निरोगी असतील तर. दाटी फार असल्यास उपदाढा काढाव्या लागतात. त्या सल्ल्याने रुग्ण घाबरून आपल्याकडे येतात. “चांगले दात काढू नका” असे न तपासता सांगणे आपण टाळावे.

तारा निघाल्यावर खरी परीक्षा असते. हिरडीतील लवचीक तंतू वर्षभरही जुन्या जागेची ओढ सोडत नाहीत, म्हणून दात मागे फिरतात. त्यासाठी दात धरून ठेवणारे साधन दीर्घकाळ, पुढे केवळ रात्री, वापरावे लागते. आमच्या रुग्णेने पहिल्या उन्हाळ्यात मामाच्या गावी ते डब्यातच ठेवले. महिन्याभरात ते दातांवर बसेनासे झाले.

तारा असताना आपली औषधे

अशा रुग्णांना आपली औषधे देताना थोडा विवेक हवा. भरड मंजनाचे कण तारांभोवती अडकतात, दंतकाष्ठाने कडी निघते. मऊ ब्रश वापरण्यास सांगावे. फ्लोराइडयुक्त पेस्टचे नाव काढलेले काही वाचकांना रुचणार नाही, परंतु तारांभोवती दातांवर पांढरे डाग पडून कीड लागते हे आम्ही पाहिले आहे आणि तेथे आम्ही ती सुचवितो. त्रिफळा क्वाथाचा कवल हिरड्यांच्या शोथात उपयुक्त, इरिमेदादी तैलाचा गंडूषही. हळदीने मात्र तारांवरची रबरी कडी पिवळी पडतात, हे आधी सांगावे. अवलेह व चघळावयाच्या गोळ्या साखर-गुळाच्या असतात. त्यानंतर चूळ भरावी. गुग्गुळकल्पाची कठीण वटी चावून न खाता कुटून द्यावी. तार टोचून मुखपाक झाल्यास यष्टिमधु चूर्ण तुपात कालवून लावावे आणि टोचणाऱ्या जागी तज्ज्ञांनी दिलेले मेण चिकटवावे. प्रवाळ, शंख किंवा अस्थिशृंखला दिल्याने उपचार लवकर संपतो काय, असे विचारणाऱ्यांना आम्ही ‘नाही’ म्हणतो.

औषधविक्रेत्या बंधूंनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तारा आवळल्यानंतर दोन-तीन दिवस दात दुखतात. त्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या दिवसेंदिवस घेतल्यास दाताची गती मंदावण्याचा संभव असतो, कारण हाडाच्या बदलास लागणाऱ्या द्रव्यांची निर्मितीच त्या रोखतात. पॅरासिटॅमॉल बरे, तेही तज्ज्ञांना विचारून. तसेच अस्थिसौषिर्यासाठी बिस्फॉस्फोनेट वर्गातील गोळ्या घेणाऱ्या ग्राहकाने दातांचे कोणतेही काम करण्यापूर्वी तसे सांगावे, याची त्याला आठवण द्यावी.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. पुढच्या दोन दातांतील फट मिटविण्यासाठी घरीच रबरी कडे अडकविणारे तरुण असतात आणि ती कडी ते दुकानात मागतात. दात मुळाकडे निमुळता असल्यामुळे ते कडे हळूहळू हिरडीखाली सरकते, दिसेनासे होते आणि मुळाभोवतीचे हाड खात वर जाते. निरोगी दात लोंबू लागेपर्यंत रुग्णाला कारण कळत नाही. रबर “कुठेतरी पडले असेल” असे सांगणारा, पुढचे दोन दात हलू लागलेला आणि हिरडीतून पू येणारा तरुण समोर आला, तर त्याला उपकुशाची औषधे बांधून देऊ नयेत. त्याच दिवशी त्याला दंतवैद्याकडे पाठवावे आणि चिठ्ठीत रबराचा उल्लेख ठळकपणे करावा, कारण साधे रबर क्ष-किरण चित्रात दिसत नाही.